चिमण्यांनी खाऊन संपवायचं झुंबर

तुमच्या घरात अशी एक तरी शोभेची वस्तू आहे का, जी दुसऱ्या कुणीतरी खाऊन संपवावी म्हणून तुम्ही टांगली आहे?

उत्तराची घाई करू नका. आधी भिंतींवरून नजर फिरवून या. कपाटावर न सुकणारी फुलं असतील. दारावर न कोमेजणारं तोरण असेल, दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसलं की परत नवं. काचेच्या डब्यात मान वाकडी करून बसलेली बदकांची जोडी असेल. ती तुम्हाला कुणाच्या तरी लग्नात उलटभेट म्हणून मिळाली असेल आणि वरचा कागद बदलून तुम्ही ती पुढच्या वास्तुशांतीला ढकलणार असाल. ती कुणी केली हे तुम्हाला ठाऊक नाही. करणाऱ्यालाही ती कुणाच्या घरी जाणार हे ठाऊक नव्हतं. घेणारा, देणारा, करणारा, तिघांपैकी कुणाचंच कुणाशी काही नाही. आणि या वस्तूला आपण भेट म्हणतो!

परवा सकाळी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. पिवळ्या धानाची बांधी (तिकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात), दाण्यांच्या भारानं एकाच बाजूला कललेल्या लोंब्या, मागे तळ्याची पाळ आणि पाळीवरचं एक आडवंतिडवं मोहाचं झाड. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं : ‘ताई, कोपरा ठेवला आहे.’

पाठवणारी राजेश्वरी. माझ्या आतेभावाची, दिवाकरची बायको. नागपुरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तेव्हा खालच्या मजल्यावरून फोडणीचा ठसका येत होता, पण मला वास आला तो ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा. गोडसर, थोडा आंबूस, सकाळच्या दवातून उठणारा. एका कापणीचे दिवस त्या वासामागून चालत आले.

धानाच्या गावी मी पाहुणीच. वाढले चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात. बाबा वीज केंद्रात फिटर आणि ड्यूटी सुटली की संघटनेचे. आमच्या क्वार्टरच्या खिडकीत रोज राखेचा पातळ थर बसायचा आणि खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे. गुलाबी, पिवळे, पोपटी. अक्षरओळख मला पत्रकांवरून झाली. त्यामुळे वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. घडी घालायला मी, वाटायला बाबा आणि उरलेल्या पत्रकांची मालकी आईची. आई ते कागद विणायच्या सुईवर तिरके गुंडाळून बारीक नळ्या करायची, मैद्याच्या खळीनं चिकटवायची आणि त्या नळ्यांपासून पेनं ठेवायचे डबे, टोपल्या, घड्याळाभोवतीची चौकट असं काय काय विणायची. कॉलनीत कुणाची बदली झाली की निरोपाला आईची टोपली ठरलेली. रंग द्यायची ती, पण कुठेतरी एखादी नळी सुटायचीच. एका साहेबांच्या टेबलावरच्या डब्यातून ‘झालीच पाहि’ एवढी अक्षरं बाहेर डोकावत. बाबा खूश. म्हणायचे, “सभेला फिरकत नव्हता, आता रोज वाच म्हणा!”

आईच्या त्या टोपल्या मला तेव्हाही आवडायच्या आणि आता तर फारच आवडतात. सोप्या होत्या. कुणीही कराव्यात इतक्या सोप्या. पण घरात काय चालतं, कशासाठी भांडलं जातं, हे त्यांच्या अंगात गुंडाळलेलं होतं. हातानं केलेल्या वस्तूचं मोठेपण मला यातच दिसतं. ती आपलं मूळ झाकू शकत नाही.

दिवाळीची सुट्टी लागली की एसटीच्या लाल डब्यानं मूल गावापर्यंत, तिथून काळीपिवळीत कोंबून आत्याचं गाव. तळ्याकाठचं. निम्म्या घरांना बांध्या, निम्म्या घरांना तळं. हलकं, लवकर पिकणारं धान दिवाळीच्या आगेमागे निघतं, भारी धान मागून. आम्ही पोचायचो तेव्हा अंगणात पुंजणं रचायची गडबड असायची. कापलेल्या धानाच्या पेंढ्या गोल रचून उभा केलेला तो ढीग मला लहानपणी घरापेक्षा उंच वाटायचा. आणि पडवीत, ओल्या पोत्याखाली, आत्यानं वेगळ्या काढलेल्या लांब काड्यांच्या लोंब्या.

त्यांचं झुंबर व्हायचं. वरच्या अंगाला तिपेडी वेणी. वेणी गोल वळत जाते आणि वळणावळणातून लोंब्या खाली सुटतात. दाट, सोनेरी, हललं की सळसळणाऱ्या. पडवीच्या तुळईला टांगलं की उजेडच टांगल्यासारखा वाटे. दुसऱ्या दिवसापासून चिमण्या यायच्या, लोंबीला उलट्या लटकून दाणे सोलायच्या आणि टरफलं खाली पडायची. झाडणाऱ्या बाईनं ती झाडताना कुरकूर करायची नाही, असा आत्याचा नियम. झाडणारी तीच असल्यामुळे नियम पाळला जायचा.

पण मला ज्याचं सगळ्यात नवल वाटतं ते पुढे आहे. पहिलं झुंबर स्वतःच्या घरी टांगत नाहीत. ज्याच्या घरी बांधी नाही, त्याच्या दारात ते आधी जातं. मग देवळात, शाळेत, शेवटी आपल्या घरी. ते कुणी मागत नाही, कुणी विकत नाही. नेऊन टांगायचं आणि परत यायचं. आत्याच्या गल्लीत हे पहिलं झुंबर मैनाबाईचं.

मैनाबाई ढिवरांची. तळ्यातली मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकणारी, हाडापेरानं मजबूत, जिभेनं त्याहून. दोन्ही मुलं हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती परत येईपर्यंत घरात ही एकटी. कुणी पसाभर धान पुढे केलं तर ती पदर मागे घ्यायची. “मले नोको देऊ. चिमण्याईले देते तं दे. त्या आल्या का दारात माणूस असल्यावानी वाटते.” झुंबर टांगलं की त्या आठवड्यात कधीतरी आत्याच्या ओट्यावर पळसाच्या पानात बांधलेली मासोळी दिसायची. ठेवून जाणारी दिसायची नाही. दिलं कुणी, घेतलं कुणी, परत केलं कुणी, याचा हिशेब चिमण्यांनी खाऊन टाकलेला असायचा. दानावर आणि उपकारावर मी सभांतून बोलले आहे, रागानं कितीतरी लिहिलं आहे. त्या सगळ्या लिहिण्यातून मला जी वाट सापडत नव्हती, ती या गल्लीत एका खिळ्याला टांगलेली होती.

मग एका वर्षी तो खिळा रिकामा राहिला.

त्या पावसाळ्यात आत्याला ताप आला. ताप गेला, पण सांधे धरून गेला. बोटं सुजून काकडीसारखी झाली. कापणीच्या वेळी ती उपचाराला चंद्रपुरात आमच्याकडे होती आणि इकडे दिवाकरनं सगळ्या बांध्या हार्व्हेस्टरनं काढून घेतल्या. परत गेली तेव्हा धान पोत्यांत आणि तणीस वीत-वीत तुकड्यांत बांधीभर विखुरलेलं. हार्व्हेस्टर लोंबी ठेवत नाही. कापतो, झोडतो, दाणा इकडे, काडी तिकडे. झुंबराला लागते ती हातभर लांब, अखंड काडी, टोकाला लोंब धरून असलेली. सगळ्या शिवारात ती उरली नव्हती.

हार्व्हेस्टरला शिव्या देणं सोपं आहे. मी देऊन पाहिल्या. आत्यानं एका वाक्यात गप्प केलं : “चिखलात वाकून वाकून कंबर माझी गेली, का तुझी?” खरं आहे. त्या यंत्रानं गावातल्या बायांच्या पाठी सरळ केल्या, मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढणार नाही. तिला खटकलं ते वेगळंच. मैनाबाईच्या दारात झुंबर गेलं नाही, आणि तरीही आत्याच्या ओट्यावर पळसाच्या पानात मासोळी आली. नेहमीसारखी. न बोलता.

“बोलली असती तं बरं झालं असतं,” आत्या म्हणाली. “आता तिच्या दारापुढून जाताना खिळा माह्याकडं पाह्यते.”

माझ्या मनात राहिलेला हंगाम याच्या पुढच्या वर्षीचा. तोवर राजेश्वरी घरात आली होती. सिरोंच्याची, घरी तेलुगू बोलणारी. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे ती बोलायची अगदी पुस्तकातलं. सगळं गाव ‘मले-तुले’ म्हणे आणि ही ‘मला आपली परवानगी हवी आहे.’ आत्या बायांना सांगायची, “सून नाई वो, रेडिओ आणला.” राजेश्वरी तिला, तेलुगूत सासूला म्हणतात तसं, अत्तम्मा म्हणायची आणि हसायची. एकाच गोष्टीवर हसणं थांबायचं. राजेश्वरी डावखुरी होती. वाढायला डावा हात पुढे झाला की आत्या, “हात बदल.” दिवा लावताना, “हात बदल.” पाहुण्यांपुढे तर डोळ्यांनीच. बिचारी सगळ्यांसमोर उजव्यानं सांडत-लवंडत वाढायची आणि स्वयंपाकघरात एकटी असली की डाव्यानं भराभर भाकऱ्या थापायची. थापण्याच्या आवाजावरून मला कळायचं, आत आणखी कुणी आहे की नाही.

त्या वर्षी आत्यानं दिवाकरला आधीच बजावलं. तळ्याकडच्या बांधीचा एक कोपरा सोडायचा.

“आई, एका कोपऱ्यासाठी गाडी फिरवावी लागते,” दिवाकर म्हणाला. “डायव्हर लय कटकट करते.”

“मंग मी बसतो कोपऱ्यात. चालव म्हणा माह्यावरून.”

आणि खरंच ती जाऊन बसली. पाळीवरून मी पाहत होते. धूळ उडवत, घरघरत ते लाल धूड बांधीत वळत होतं आणि कोपऱ्यात, उभ्या धानात, डोक्यावर पदर घेतलेली आत्या. धानाच्या वर फक्त तिचं डोकं. प्रत्येक फेरीला डायव्हर वरून काहीतरी ओरडायचा, ती हात हलवायची, जणू ओळखीचा पाहुणा चालला आहे. मी मोर्चे पाहिलेत, धरणी पाहिलीत, बाबांच्या खांद्यावर बसून घोषणा दिल्यात. इतकं शांत आणि इतकं पक्कं धरणं मी दुसरं पाहिलेलं नाही. मागणी तरी केवढी? खाटेएवढी जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव असतानाच आम्ही कोपरा कापला. ऊन चढलं की काडी कडक होते आणि वळवताना मोडते, म्हणून घाई. विळा उजव्या हातासाठीच घडवलेला असतो, त्याचे दातेही त्याच बाजूनं. राजेश्वरीला तो धड धरता येईना. म्हणून कापलं मी, गोळा तिनं केलं. पायाखाली उभ्या धानातच पेरलेल्या लाखोळीच्या डाळीची कोवळी रोपं ओली, हातांना काडीची खाज आणि बांधावर बसलेल्या आत्याचं एकसारखं चालू, “बुडातून काप वो, बुडातून! शेंडे काय कापून राह्यली, धान हाये का मेथी?”

मग पडवीत शिकवणी. आमच्याकडे झुंबर शिकवायची एक रीत आहे. मध्ये लोंब्यांचा ढीग, या बाजूला शिकवणारी, त्या बाजूला शिकणारी, दोघी समोरासमोर. शेजारी बसून शिकवत नाहीत, कारण लोंबीकडे कुणाची पाठ होऊ द्यायची नाही, ती दोघींच्या मधेच हवी. आत्याच्या बोटांना वेणी आवळायचं बळ नव्हतं, पण वळण दाखवता येत होतं. तीन काड्या, एक वर, एक खाली, दर फेऱ्याला नवी लोंब आत. मी समोर बसून तिच्यासारखंच करत होते आणि माझ्या हातात काहीतरी तिसरंच तयार होत होतं.

“हे झुंबर होय का बैलाचं दावं होय?” आत्यानं ते उचलून सगळ्यांना दाखवलं. “काऊन वो भाषणवाली, लोकाईले सांगते एकजूट करा, एकजूट करा! अन् तुह्या हातात तं तीन काड्या एकजूट राहून नाई राह्यल्या!”

दिवाकर इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. मी उसवलं, परत विणलं, परत दावंच. खूप वर्षांपूर्वी याच पडवीत माझ्या आईचंही असंच झालं होतं, शेजारच्या बायांचंही. आत्याची विद्या म्हणून तर आत्याजवळच राहिली होती. आणि आता तिची बोटं गेली होती. संध्याकाळ व्हायला आली. ओलं पोतं वाळत चाललं, त्याखालच्या काड्याही. आज झालं नाही तर लोंब्या सुकणार आणि मैनाबाईचा खिळा आणखी एक वर्ष तसाच. आत्यानं थट्टा सोडली आणि हवेतच हात फिरवून परत वळण दाखवू लागली. ते मला दाव्याच्या थट्टेपेक्षा जड गेलं.

राजेश्वरी कपबश्या उचलायला आली आणि उचलायची विसरली. माझ्या मागे उभी राहून बघत होती. मग खाली बसली. ढिगातून तीन काड्या घेतल्या आणि डाव्या हातानं वळवायला लागली. एक वर, एक खाली, नवी लोंब. आत्याचा हात हवेत फिरेल तसा तिचा फिरत होता, पाण्यातलं प्रतिबिंब फिरावं तसा. वेणी घट्ट बसत चालली. आत्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. नजर पडल्याबरोबर सवयीनं राजेश्वरीनं काड्या उजव्या हातात घेतल्या आणि वेणी सुटली.

“हात नोको बदलू!” आत्या जवळजवळ ओरडली.

राजेश्वरी तिच्याकडे पाहत राहिली. ऐकलं ते खरं का, अशी.

“डाव्यानंच कर,” आत्या हळू म्हणाली. “कर बाई.”

मला ते कळायला थोडा वेळ लागला. समोर बसलेल्या आत्याचा उजवा हात ज्या बाजूला, त्याच बाजूला राजेश्वरीचा डावा. आम्ही उजव्या हाताच्या सगळ्याजणी इतकी वर्षं आरशात बघून सही करायला जात होतो, म्हणून फसत होतो. हिला आरसाच हवा होता. ज्या हाताला आलेल्या दिवसापासून ‘मागे हो’ सांगितलं गेलं, तोच एक हात या रीतीसाठी घडलेला निघाला.

दिवे लागायच्या आत झुंबर पुरं झालं. आत्याच्या झुंबरांचा पीळ एका अंगाला असायचा, याचा दुसऱ्या. बाकी तेच. तसंच दाट, तसंच सळसळणारं. राजेश्वरीनं ते दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. “अय्यो,” म्हणाली आणि पुढे तिला ना तेलुगू सुचलं ना मराठी.

सकाळी उठून पाहतो तर झुंबर टीव्हीच्या वर, भिंतीला, आणि त्याच्यावर नव्या साडीची प्लास्टिकची पिशवी ओढलेली.

“हे काऊन झाकलं वो?” आत्यानं विचारलं.

“चिमण्या खातील, अत्तम्मा.”

आत्याला हसून हसून ठसका लागला. “खातीनच नाई तं काय, आरती करतीन?”

राजेश्वरी हसली नाही. “मग मी एवढं सुंदर कशासाठी केलं?” तिनं सरळ विचारलं. “खाऊनच टाकायचं असेल तर धान नुसतं पसरून दिलं तरी चालेल.”

हा प्रश्न मला फार आवडला होता. अजून आवडतो. हातानं काही करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. रांगोळी घालणाऱ्या पोरीचा, लग्नाच्या जेवणासाठी पहाटेपासून पत्रावळी टाचणाऱ्या बाईचा, कुणाच्या तरी बाळासाठी दुपट्याला टाके घालणाऱ्या आजीचा. पुसलं जाणार, फेकलं जाणार, विटून जाणार, तर नक्षी कशाला? आत्यानं पिशवी काढली, झुंबर राजेश्वरीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “चाल.”

आम्ही गल्लीतून गेलो. मैनाबाई दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. आत्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, चौकटीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. राजेश्वरी टाचा उंचावून उभी राहिली आणि झुंबर अडकवलं. मैनाबाईनं जाळं बाजूला ठेवलं, झुंबराखाली उभी राहून वर पाहिलं.

“पीळ उलटा हाये,” ती म्हणाली.

राजेश्वरीनं खाली पाहिलं. आत्या काहीतरी बोलणार तेवढ्यात मैनाबाईच पुढे म्हणाली, “असू दे. चिमण्याईले पीळ नाई दिसत. दाणे दिसते.”

पण चिमण्या आल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. वर्षभर रिकामं राहिलेलं दार त्या विसरल्या असाव्यात. राजेश्वरी काही ना काही निमित्त काढून गल्लीतून चक्कर मारायची. कधी मीठ मागायला, कधी पाणी भरायला, एकदा तर भरलेलीच घागर घेऊन. परत आली की आत्या न विचारता चेहऱ्यावरून ओळखायची. चिमण्यांना बोलावणं धाडता येत नाही, नाहीतर मी पत्रकं छापायला तयार होते.

मग एका सकाळी मैनाबाई आली. ओट्यावर गुपचूप ठेवून जाणारी बाई त्या दिवशी थेट अंगणात. हातात पळसाच्या पानात बांधलेली मासोळी. आत्या पुढे झाली तर तिला ओलांडून राजेश्वरीसमोर उभी.

“काय वो रेडिओ,” ती म्हणाली, “तुह्या चिमण्याईनं पहाटेपासून झोपू नाई देल्लं मले. नुसता बाजार भरवला दारात!”

राजेश्वरीनं घ्यायला हात पुढे केला. सवयीनं उजवा.

मैनाबाईनं पान मागे घेतलं. “ज्या हातानं केलं, तो हात कर.”

आत्यानं तोंड फिरवलं आणि पुंजणं रचायच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, तिथे बघण्यासारखं काही नसताना. थोड्या वेळानं आम्ही तिघी मैनाबाईच्या दारापुढे गेलो. झुंबर अक्षरशः हलत होतं. प्रत्येक लोंबीला एक चिमणी उलटी लटकलेली, त्यातल्या दोघी भांडत होत्या, खाली टरफलांची रांगोळी. राजेश्वरी तिथे उभी राहून स्वतःच्या हातानं केलेली वस्तू मोडताना बघत होती आणि तिचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा पाहिलेला नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं असावं.

त्यानंतरच्या कापण्या आल्या आणि गेल्या. आत्या आता उन्हात खाट टाकून बसते आणि सगळ्यांच्या चुका काढते. गल्लीतली झुंबरं राजेश्वरी करते आणि त्या सगळ्यांचा पीळ उलटा असतो. आता गावाला तोच सरळ वाटायला लागला आहे. गल्लीतली दारं झाली की ती छोटी झुंबरंही करते आणि मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्यांसाठी ओळखीच्या दुकानात ठेवते. आधी दारं, मग गिऱ्हाईक, हा तिचा स्वतःचा नियम. एका बाईंनी विचारलं, वार्निश मारून मिळेल का, म्हणजे टिकेल. राजेश्वरीनं आपल्या रेडिओच्या मराठीत सांगितलं, “क्षमा करा, टिकणारं झुंबर आमच्याकडे मिळत नाही.” दिवाकरनं ही गोष्ट मला फोनवर इतक्या अभिमानानं सांगितली, जणू तिनं निवडणूक जिंकली. माझ्या मते जिंकलीच.

आणि तुम्ही म्हणाल, हे अवघड असेल. नाही. तुमच्या पोरांना येईल इतकं सोपं आहे. हातभर काडीच्या लोंब्या दवात कापा, पातं सोलून टाका, ओल्या पोत्याखाली ठेवा. तीन काड्यांची वेणी धरा, दर फेऱ्याला एक लोंब आत घ्या, गोल वळवत चला आणि टोकं सुतळीनं बांधा. शिकवणाऱ्याच्या समोर बसून जमलं नाही तर शेजारी बसा, रीत मोडली म्हणून आत्या रागावणार नाही, मी सांगेन तिला. धान नसेल तर ज्वारीची कणसं घ्या, बाजरीची घ्या. फक्त ते घरात टांगू नका आणि त्याला रंग, वार्निश, पिशवी काही लावू नका. पहिलं अशा दारात नेऊन टांगा, ज्या घराला शेत नाही. नेताना भाषण करू नका. हे मी मलाही सांगते आहे.

पण झुंबर पडवीत होत नाही, त्याची सुरुवात बांधीत होते. काडीच उरली नाही तर कुठल्याच हाताला काही करता येणार नाही, डाव्या ना उजव्या. म्हणून माझी मागणी एवढीच, आणि ती आजच पुरी व्हायला हवी, कारण यंत्रं गावोगाव निघाली आहेत. तुमचं शेत असेल तर हार्व्हेस्टर उतरायच्या आधी डायव्हरला खाटेएवढा एक कोपरा सोडायला सांगा. शेत नसेल तर गावी ज्याचं आहे त्या काकाला, मामाला, मित्राला हे वाचून झाल्यावर लगेच फोन लावा. तो कटकट करेल. करू द्या. गरज पडली तर कोपऱ्यात जाऊन बसा.

कोपरा तुम्ही ठेवा. विळा मी घेऊन येते.